धुरा

राइस मिलच्या लॅपटॉपवर
अकरा वर्षांचा धान लिहिलेला आहे.
कट्टे, घट, ओलावा, कोंड्याचा भाव,
कुणाच्या ट्रॅक्टरचा काटा किती भरला,
सगळं त्या जुन्या खिडक्यांच्या घरात.

मालक म्हणाले, शिकू दे हमालाच्या पोराला,
पण मॅडम, जुन्यातला एक दाणा सांडला
तर पगार कोंड्यात मोजीन.

म्हणून आधी वाटणी.
खेमराजनं माऊसनं धुरा सरकवला,
जुन्याला नव्वद, नव्याला तीस.
"आमच्या काकानंबी असाच सरकवला होता," म्हणाला,
"फक्त रातच्याला, अन् कुदळीनं."

टक्के चढत गेले. चहा झाला.
पेनड्राइव्ह काढा, पुन्हा सुरू करा.
केलं.

काळं.

काळं म्हणजे बंद नव्हे.
पंखा घरघरत होता,
कॅप्स लॉक दाबलं की हिरवा ठिपका लागायचा,
पुन्हा दाबलं की विझायचा.
आत कुणीतरी डोळा मिचकावत होतं
आणि तोंड दाखवत नव्हतं.

चार मिनिटं थांबलो. मग दहा.
मग मी उगाच पडदा ओढणीनं पुसला.

दुर्योधनला फोन लावला, माझा मावसभाऊ,
बुटीबोरीला रातपाळीत.
मशीनच्या आवाजावरून ओरडत म्हणाला,
"फाटकावरच थांबव तेले!
दोन नावं दिसली का नव्यावर ये, ई दाब,
लांब ओळ आहे तिच्या शेपटाला लिही..."
आणि एकेक अक्षर, गावांच्या नावानं:
नागपूरचा एन, गोल ओ, मोहाडीचा एम,
पुन्हा गोल ओ, देसाईगंजचा डी, ई,
साकोलीचा एस, ई, तुमसरचा टी.
हाताशी आली त्या काटापावतीच्या पाठीवर
मी सगळा प्रवास उतरवून घेतला.

पहिल्यांदा साकोलीच्या आधीची ई राहिली.
दुसऱ्यांदा एकही गाव चुकलं नाही.

तरी काळं.

शेवटी जुनं उघडून पाहिलं.
उघडलं. उजेड झाला.
शेवटची नोंद संध्याकाळची,
बावीस कट्टे, ओलावा सतरा.
मी खुर्चीत मागं टेकले.
माझं काम झालं होतं.
खेमराजकडं पाहिलं तेव्हा लक्षात आलं,
त्याचं नव्हतं.

"मॅडम, याच्यात तं दिवा लागते."
हो.
"म्हणजे दिवा मेला नाई.
नव्याले तेची कळच ठाव नसन."

पुन्हा फाटक, पुन्हा नवं, पुन्हा काळं.
त्यानं खुंटीवरची बापाची बॅटरी काढली,
थप्प्यांमधले उंदीर हुडकायची,
आणि पडद्यावर तिरपी धरली,
नाकाला नाक लावून.

"हाय ना!" तो हळूच म्हणाला,
मोठ्यानं बोललं तर पळून जाईल असं.

मीही वाकले.
धुक्यातल्या तळ्यासारखं
फिकट निळं काहीतरी, मधोमध एक चौकट,
चौकटीत खेमराज, हे त्यानंच दिलेलं नाव,
आणि त्याखाली पासवर्डची रिकामी जागा.
किती वेळची वाट पाहत होती कोण जाणे.
आम्ही ओढणीनं तिचं तोंड पुसत होतो.

पुढचं सोपं, म्हणजे दीड तासाचं.
दुर्योधननं जेवणाच्या सुट्टीत आणखी एक ओळ सांगितली,
दिव्याची,
तिच्यात एक अधोरेषा होती, ती मला सापडेना,
खेमराजला सापडली.
एक वाजून वीस मिनिटांनी उजेड आला
तेव्हा त्यानं बॅटरी विझवली नाही,
विसरला.

सकाळी केवळराम शहारे पावती न्यायला आले.
वजन वाचलं. मग पाठ वाचली,
बोट ठेवून, नागपूरपासून तुमसरपर्यंत.
म्हणाले, "मॅडम, माहा बावीस कट्टे धान
एवढ्या गावाहून हिंडून येते का?"